सेकंदकाकांचा बारावा भोपळा

माझ्या सासऱ्यांना आमच्या गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना सेकंदकाका म्हणतात. एकेचाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. कोणी "पाच मिनिटांत आलो" म्हणून गेलं तर ते खरोखर पाच मिनिटं मोजतात, आणि सहावं लागलं की तो माणूस त्यांच्या मनातून उतरलाच. मी स्वतः जन्मात कुठे वेळेवर पोहोचलेली नाही. तोंडानंही फटकळ. तरी आमचं दोघांचं सूत जुळलं.

जुळलं ते एका गजराच्या घड्याळावरून. लग्न होऊन या घरात येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं. घड्याळजीच्याच घरात घड्याळ बंद, म्हणजे दिव्याखाली अंधार! घरात कोणी नाही असं बघून मी केसातली पिन काढली, मागचं झाकण उचकटलं आणि चाकाच्या दातांत अडकलेला सुक्या कणकेचा कण बाजूला केला. घड्याळ चालू झालं. वळून बघते तर दारात सासरे, म्हणजे बाबा, उभे. आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, "पिन नेमकी कुठे घातलीस ते दाखव."

दुसऱ्या दिवशी दुकानात दुसरं स्टूल आलं. दुकान म्हणजे काय, दोन इमारतींच्या मधली फट. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वास बाहेरच सोडून यावं. तिथे नऊ वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताला बसले आणि काम शिकले. बंद पडलेलं घड्याळ हलवून, ठोकून बघायचं नाही, उघडून बघायचं. डोळ्याला भिंग लावायच्या आधी घड्याळ कानाला लावायचं, कारण निम्मे रोग आवाजातच कळतात. आणि तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, ज्या जागी हवं त्याच जागी, एकदाच टेकवायचं. "अति तेथे माती," हे ते दिवसातून दहा वेळा म्हणत. भाजीतल्या मिठाला तेच, साबणाला तेच, माझ्या बडबडीलाही तेच. कौतुकाच्या बाबतीत तर विचारू नका. नऊ वर्षांत मला एकूण एकदा "ठीक आहे" मिळालं. सासूबाई, म्हणजे आई, म्हणायच्या, "अगं, ते कौतुकही सुईच्या टोकानं करतात. मला लग्नानंतर मिळालेला थेंब अजून पुरवतेय मी."

मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात कापायला लागला.

आधी कपबशी वाजायची. मग त्यांनी बशी घेणं सोडलं. शर्टाची बटणं लागेनात, म्हणून डोक्यातून घालायचे सदरे आले. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं काहींना, जिवाला धोका नाही, आणि यावर रामबाण औषध नाही. बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी बरोबर नवाच्या ठोक्याला दुकान उघडलं. चार महिने त्यांनी रेटलं. एका सकाळी चिमट्यातलं चाक त्यांच्या हातात थरथरलं आणि त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग वाकली. मी ती दोन तास खपून सरळ केली. गिऱ्हाइकाला कधी कळलंही नाही. पण बाबांना कळलं होतं. त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "आता हे तुझं." मग दोन्ही हात खिशात घालून ते घरी गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून मनसोक्त रडले. मला दुकान मिळाल्याचा आनंद कणभरही झाला नाही.

त्यानंतर त्यांनी दुकानाची पायरी चढली नाही. हात कायम खिशात. जेवतानासुद्धा डावा बाहेर आणि उजवा खिशात. आईंनी सहा महिने हे सहन केलं आणि एक दिवस त्यांच्यापुढे खुरपं टाकलं. "घरात नुसते येरझारा घालू नका. मागे जाऊन काहीतरी उकरा."

आमच्या घरामागे अंगण आहे. बारा पावलं लांब, चार पावलं रुंद. एका बाजूला लॉन्ड्रीची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला तीन मजली इमारत. ऊन तेवढं वरून येतं, बाकी माशीसुद्धा वाट चुकलेलीच. आईंनी त्या दिवशी लाल भोपळा चिरला होता. त्याच्या बिया बाबांनी उचलल्या, पुसल्या, ओळीत मांडल्या, त्यातल्या सगळ्यांत भरीव सहा निवडल्या आणि कोपऱ्यात लावल्या. दोन वेल जगले आणि असे माजले की महिन्याभरात कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढले. आई सकाळी चादर वाळत घालायच्या आणि संध्याकाळपर्यंत वेलाचा तंतू चादरीच्या कोपऱ्याला गुंडाळलेला असायचा. आई आणि वेल यांच्यात पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. "हा वेल माझ्या पलंगावर झोपायला येईपर्यंत तुम्ही थांबणार का?" असं त्या विचारायच्या, आणि बाबा वेलाची बाजू घेऊन दोरी हातभर वर बांधायचे.

फुलं आली. मोठाली, पिवळीधमक. आठवडा गेला, दुसरा गेला, फुलं उमलायची, मिटायची, गळायची, भोपळ्याचं नाव नाही. बाबा बियाण्यांच्या दुकानात विचारायला गेले. दुकानदारानं समजावून सांगितलं की लांब देठाची ती नर फुलं, ती आधी येतात. मादी फुलाच्या खाली आधीपासूनच छोटा गोल भोपळा असतो. नरातला पराग मादीत पोहोचला तरच तो वाढतो. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यानं उडत नाही, मधमाशीच लागते. मधमाश्या येत नसतील तर हातानं पोहोचवा.

हातानं म्हटल्यावर बाबा घुटमळले. "ब्रशनं चालेल?" त्यांनी विचारलं.

"न चालायला काय झालं?" दुकानदार म्हणाला.

घरी येऊन त्यांनी आपल्या जुन्या पेटीतला सगळ्यांत बारीक ब्रश काढला. एकेचाळीस वर्षं ज्यानं चाकांमधली धूळ झाडली तोच. पहिलं मादी फूल उमललं त्या पहाटे ते उठून एकटेच मागे गेले, दार लोटून घेतलं, आणि आत आले तेव्हा चेहऱ्यावर वर्षभरानं काहीतरी उमटलं होतं. "चिठ्ठी लिही," ते मला म्हणाले. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला आम्ही दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधतो, तशीच. मी लिहिलं: नग क्रमांक एक, तारीख, काम: पराग दिला. लिहायचं माझ्याकडून, कारण स्वतःचं वाकडंतिकडं झालेलं अक्षर त्यांना बघवत नव्हतं.

पहिला नग पाच दिवस वाढला. सुपारीएवढा होता तो लिंबाएवढा झाला. मग त्याचं टोक पिवळं पडलं, सातव्या दिवशी तो मऊ झाला आणि बोट लावताच देठातून निसटला. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. बाबांनी घड्याळजीच्या पद्धतीनं शोध सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चौथ्याच्या वेळी पाणी कमी केलं. पाचव्याच्या वेळी खत बंद केलं, कारण नुसती पानंच माजतात असं कुणीतरी म्हणालं. सहाव्याला दुपारच्या उन्हात आईंच्या फुलाफुलांच्या चादरीचं छत मिळालं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. सहावाही गेला. लॉन्ड्रीवाला इस्त्री करता करता भिंतीपलीकडून विचारायचा, "काका, भोपळे किती झाले?" आणि आतून आई ओरडून सांगायच्या, "भोपळा!"

सगळे हसायचे. बाबाही हसायचे. पण आठवा गळला त्या संध्याकाळी ते हसले नाहीत. चिठ्ठी सोडवता सोडवता त्यांच्या हातातून दोनदा पडली. "पाण्याचा दोष नाही आणि खताचाही नाही," ते म्हणाले. "या हाताचा आहे. हा लागला की चांगली गोष्टही बिघडते."

माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात दुकानात गाणं शिकवणाऱ्या बाईंचं खिशातलं जुनं घड्याळ आलं होतं. चालता चालता मध्येच थबकायचं. मी तीनदा उघडलं, तीनदा साफ केलं, काही हाती लागेना. बाबांनी ते नुसतं कानाला लावलं असतं तर सांगितलं असतं. मी म्हणाले, "मग दुकानात या. तिथे तुमचा हात नकोच आहे मला, कान हवाय. वर्षभर मी एकटी भिंतींशी बोलतेय."

"हात नसलेल्या घड्याळजीनं दुकानात बसून काय करायचं? लोकांनी कीव करायची?"

"बाबा, कोणी कीव..."

"ज्या दिवशी या हातून एक तरी काम पुरं होईल त्या दिवशी येईन," ते म्हणाले. "नाही झालं, तर पुन्हा विषय काढायचा नाही." आणि हात खिशात गेले.

सेकंदकाकांचा शब्द म्हणजे शब्द. मी आत येऊन आईंना म्हणाले, "झालं. आता माझं सगळं त्या भोपळ्यावर." आई भांडी विसळत होत्या. त्यांनी पातेलं जरा जास्तच आपटलं.

नववा गेला. दहावा गळला तेव्हा मी तो कचऱ्याच्या डब्यातून उचलला आणि पिशवीत घालून दुकानात नेला. का नेला ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. रागच आला होता मला त्या भोपळ्याचा. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तो समोर ठेवला आणि बघत बसले. तेव्हा लक्षात आलं की तो गोल नव्हता. एका बाजूनं फुगलेला, बाकी अंग चिपाड. आणि मला एकदम आठवलं, बंद पडलेलं घड्याळ उघडून बघायचं. हे ज्यांनी मला शिकवलं त्यांनी दहा भोपळे न उघडता फेकून दिले होते. उघडायची गरजच त्यांना वाटली नव्हती. दोष कुठे आहे ते त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

मी पात्यानं त्याला आडवा कापला आणि डोळ्याला भिंग लावलं. आतल्या बियांचे तीन भाग दिसत होते. एका भागातल्या बिया टपोऱ्या व्हायला लागल्या होत्या. बाकी दोन भागांतल्या नुसत्या चपट्या, रिकाम्या टरफलासारख्या.

पुढच्या पहाटे अकराव्या फुलाची पाळी होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीमागे दडले. बाबांनी वेलाजवळ स्टूल ठेवलं. स्टुलावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर उजवं मनगट, आणि ते मनगट डाव्या हातानं असं आवळून धरलेलं की बोटं पांढरी पडली होती. नर फुलाला ब्रशचं टोक लावलं. श्वास रोखला. मादी फुलाच्या मध्यभागी जो चिकट, तीन फाकांचा उंचवटा असतो, त्यातल्या एका फाकेवर ब्रशचं टोक टेकवलं. एकदाच. हात जराही हलला नाही. मग त्यांनी श्वास सोडला, मनगट चोळलं आणि ब्रश पुसून डबीत ठेवला.

काम देखणं होतं. तेल सोडण्याचं काम होतं ते! मला हसू आलं. दहा फुलांना या माणसानं कसा जीव मुठीत धरून पराग दिला असेल, आणि दिला किती, तर सुईच्या टोकावर मावेल तेवढा.

मी बाहेर गेले आणि सगळं सांगितलं. कापलेला भोपळाही दाखवला. आत बिया शेकडो, आणि प्रत्येक बीला परागाचा आपला एकेक कण लागतो. एका फाकेवर चिमूटभर पराग पडला तर थोड्याच बिया भरतात, आणि बिया भरल्या नाहीत की वेल त्या फळाचा नाद सोडतो. उगाच कशाला पोसायचं असा त्याचा व्यवहार. एवढं मी बियाण्यांच्या दुकानात जाऊन विचारूनही आले होते.

बाबा भडकले. "मला ब्रश धरायला तू शिकवणार?"

"धरायला नाही हो! तुम्ही फार चांगलं धरताय, तोच तर घोळ आहे."

"अति तेथे माती," ते म्हणाले आणि आत गेले.

अकरावा सहाव्या दिवशी पिवळा पडला, एका बाजूनं फुगलेला, अगदी मी म्हटलं तसा. तो गळल्यावर बाबांनी आईंची सुरी मागितली, ओट्यावर तो स्वतः कापला आणि तिन्ही भाग नीट तपासले. मी तोंड मिटून उभी होते, माझ्या मानानं हा पराक्रमच. शेवटी ते म्हणाले, "दोष सापडला तुला. तीन ठिकाणी द्यायला हवं होतं. उद्या तीनदा टेकवीन."

"तीनदा नाही बाबा, भरपूर! मधमाशी काय एकदा टेकून जाते? सकाळभर येते, अंगभर पराग माखून, सगळ्या फुलात लोळते."

"तीनदा," ते म्हणाले. "नेमकं."

वेलाचं आता वय झालं होतं, खालची पानं वाळत होती, थंडी तोंडावर आली होती. उद्या उमलेल अशी एकच मादी कळी राहिली होती, आणि तिच्यामागे दुसरी नव्हती. मी हात टेकले. आई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या.

सकाळी साडेसहाला बाबांचा आवाज घरभर घुमला. "माझा ब्रश कुठे आहे?"

"तो बारकासा होय?" आई चहा गाळत म्हणाल्या. "न्हाणीच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती. तेल लावलं त्यानं. चांगलं भरपूर लावलं."

बाबांनी ब्रशची रिकामी डबी ओट्यावर आपटली. "आणि स्टूल?"

"लॉन्ड्रीवाल्यानं नेलं. त्याला दिवा बदलायचा होता."

"सकाळी साडेसहाला?"

"त्याच्याकडे काळोख आहे हो," आई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एवढा निष्पाप चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही.

बाबा तणतणत मागे गेले. मी त्यांच्या पाठोपाठ. बारावं फूल पूर्ण उमललं होतं, आणि ही फुलं नऊ-दहापर्यंत मिटतात. मी एक नर फूल देठासकट तोडलं, त्याच्या पाकळ्या ओरबाडून काढल्या, मधला परागानं भरलेला दांडा तेवढा ठेवला आणि त्यांच्यासमोर धरला.

"घ्या. हेच घासायचं आतून."

"तू कर."

"मी नाही करणार. दुकान सांभाळते तेवढं पुरे आहे."

त्यांनी खिशातून उजवा हात काढला. फूल घेतलं. लगेच डावा हात मनगट धरायला आला. मी म्हणाले, "डाव्यानं मादी फुलाच्या पाकळ्या धरा बाबा, मिटायला लागल्यात, आत दिसत नाही." हे धडधडीत खोटं होतं. पण डावा हात पाकळ्या धरायला गेला, आणि उजवा एकटा राहिला.

तो कापायला लागला. आधी थोडा, मग चांगलाच. दांडा फुलाच्या आत या फाकेवरून त्या फाकेवर आपटायला लागला, टकटक, टकटक, आणि पराग सगळीकडे सांडला. तिन्ही फाका पिवळ्या झाल्या, पाकळ्या पिवळ्या झाल्या, बाबांची बोटं पिवळी झाली.

"बघू नकोस," ते म्हणाले.

मी बघत होते. वर्षभरात पहिल्यांदा तो हात मला नीट दिसला. म्हातारा, सुरकुतलेला, चांगला हात होता.

"थांबू नका," मी म्हणाले. "बाबा, नेमकं असंच हवंय. थांबू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फुलात. फुलाच्या तळाशी पिवळी रास साचली होती. मधमाशी सकाळभर फेऱ्या मारून जे करते ते त्या हातानं मिनिटभरात केलं होतं. बाबांचा हात कापतच होता आणि त्यांनी तो ओढून घेतला नाही. मी दुसरं नर फूल तोडून दिलं. तेही घासलं. मग तिसरं. "अति तेथे माती" कोणीच म्हणालं नाही.

मी खिशातून कोरी चिठ्ठी काढली. ती त्यांनी घेतली, पण म्हणाले, "लिहू नकोस इतक्यात. उगाच अकरांच्या रांगेत नको त्याला." आणि खिशात घालून टाकली.

मग सुरू झालं वाट बघणं. तिसऱ्या दिवशी फूल वाळलं आणि भोपळ्यानं मान खाली घातली. देठ जाड व्हायला लागला. पाचव्या दिवशी लिंबाएवढा. सहाव्या दिवशी आम्ही तिघंही कामाचं निमित्त काढून पाळीपाळीनं मागे जाऊन टोक बघून येत होतो. माझे मिस्टर बस चालवतात, ते ड्यूटीवरून दोनदा फोन करून विचारते झाले, "टोक कसं आहे?" टोक हिरवं होतं. सातव्या दिवशीही हिरवंच. आठव्या दिवशी तो माझ्या मुठीत मावेना. लॉन्ड्रीवाल्यानं भिंतीपलीकडून विचारलं, "काका, भोपळे किती?" आणि आई दोरीवर कपडे घालता घालता म्हणाल्या, "एक. आणि हळू बोल, झोपलाय." त्यांनी वेलासाठी दोरी स्वतःच हातभर सरकवली होती.

मी मनातल्या मनात हिशोब करत होते. भोपळा पुरता पिकायला अजून दीड महिना तरी. सेकंदकाकांच्या शब्दात पुरं म्हणजे पुरं, एक दिवस आधी नाही. म्हणजे दीड महिना मी आणि भिंती. चालेल, म्हटलं, वर्ष काढलं तिथे दीड महिना काय.

दहाव्या दिवशी सकाळी मी मागे गेले. नारळाएवढा झाला होता, गोल, सगळ्या बाजूंनी सारखा. त्याच्या देठाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. मी बांधली नव्हती. अक्षरं ओळ सोडून वर-खाली गेलेली, एक पातळ, एक जाड, एका जागी पेन घसरून कागद फाटलेला. तरी वाचता येत होतं. नग क्रमांक बारा. दोष: काही नाही.

मी घरात येऊन बाबांना शोधलं. ते नव्हते. आई म्हणाल्या, "मला काय विचारतेस, घड्याळ बघ." नऊला पाच मिनिटं होती. मी किल्ली उचलून तशीच चपला अडकवून पळत सुटले.

ते दुकानाच्या बंद शटरसमोर उभे होते. "नऊला उघडतं ना हे?" ते म्हणाले. "किल्ली काढ. दोन मिनिटं उशीर झालाय."

"पण तो अजून पिकायचाय," मी म्हणाले. धाप लागली होती मला.

"घड्याळ चालू झालं म्हणजे झालं. पॉलिश होतं मागाहून."

आत गेल्यावर ते आपल्या जुन्या स्टुलाशी थांबले, मग बाजूनं निघून दुसऱ्या स्टुलावर, माझ्या उजव्या हाताला, येऊन बसले. "कुठे आहे ते गाण्याच्या बाईंचं?"

मी ड्रॉवरमधून घड्याळ काढून दिलं. त्यांनी ते कानाजवळ नेलं. हात कापत होता, आणि घड्याळ चष्म्याच्या काडीवर खडखड वाजत होतं. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं आणि आत बघत होतं. मला वाटलं, आता हात खिशात जाणार.

"जरा हात धर गं माझा," बाबा म्हणाले. "ऐकू येत नाहीये."

मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. घड्याळ कानावर टेकलं. त्यांनी डोळे मिटले, आणि गिऱ्हाईकही न सांगता गप्प उभं राहिलं.

"तिसरं चाक," थोड्या वेळानं ते म्हणाले. "एक दात वाकलाय. उघड."